डोक्यावर चांदणी असलेला पिकू विहिरीत सोडावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सिंधुदुर्गात घरामागच्या वहाळात काठाला बोटाएवढे मासे तरंगताना दिसतात, त्यांच्या डोक्यावर पांढरा चकाकणारा ठिपका असतो. घरच्या चिरेबंदी विहिरीत आणि परसातल्या हौदात डासांच्या अळ्या झाल्यात. जो तो सांगतो, गप्पी सोडा. त्याऐवजी वहाळातले हे मासे चालतील का, आणि विहिरीत त्यांची वीण होईल का?

चालतील. वीणही होईल, पण विहिरीचा काठ कसा आहे यावर ते ठरेल. गेली पंचवीसेक वर्षं मी हे मासे ओढ्यांत बघतोय आणि घरी टाक्यांत त्यांची पैदासही करतोय. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो, कारण हा मासा जगतो कसा हे कळल्याशिवाय तो विहिरीत का टिकतो किंवा का टिकत नाही हे लक्षात येत नाही.

तुम्ही वर्णन केलेला मासा म्हणजे पिकू. शास्त्रीय नाव अ‍ॅप्लोकायलस लिनिएटस. १८४६ साली फ्रेंच शास्त्रज्ञ व्हॅलेन्सिएन यांनी त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं आणि त्यासाठी वापरलेले नमुने मुंबईचे होते. म्हणजे अक्षरशः आपल्या दारचा मासा. पूर्ण वाढलेला नर दहा सेंटिमीटरपर्यंत जातो, पण वहाळात बहुतेक सहा-सात सेंटिमीटरचेच दिसतात. नराच्या अंगावर सोनेरी-हिरव्या ठिपक्यांच्या रांगा असतात आणि उन्हात त्या लकाकतात. मादी जरा फिकी. तिच्या अंगावरचे उभे काळे पट्टे जास्त ठळक असतात आणि पाठीवरच्या पराच्या मुळाशी एक काळा डाग असतो. नर-मादी ओळखायला तो डाग पुरेसा आहे. मात्र लहान पिल्लांतही तो दिसतो, म्हणून अगदी छोट्या माशांवरून नर-मादी ठरवू नका.

डोक्यावरची चांदणी ही या सगळ्या गोतावळ्याचीच खूण. ती कवटीच्या वर, मेंदूतल्या प्रकाश ओळखणाऱ्या पिनिअल ग्रंथीच्या बरोबर डोक्यावर असते. वरून बघणाऱ्याला मासा दिसण्याआधी ती चांदणी दिसते. मल्याळी लोक या माशांना मानत्तुकण्णी म्हणतात, आभाळाकडे डोळा लावलेली. हे नाव ज्याने ठेवलं त्याने मासा नीट बघितला होता.

कारण या माशाचं सगळं शरीर वरच्या बाजूसाठी घडलंय. तोंड वर वळलेलं, डोक्यापासून पाठ फळीसारखी सपाट, पाठीवरचा पर अगदी मागे, शेपटीजवळ. पाण्याच्या कातडीला खालून पाठ लावून तो स्थिर उभा राहतो, कल्ल्यामागचे पर तेवढे हलत असतात. वहाळ चार फूट खोल असला तरी पिकूचा वहाळ म्हणजे वरची चार बोटं, आणि तीही काठापासून हातभर अंतरातली. मधल्या धारेत तो जात नाही. तिथे त्याला खायला काही नाही, लपायला काही नाही आणि खंड्याला मात्र तो आयता सापडतो.

तो खातो काय? वरून पडेल ते. काठावरच्या झाडोऱ्यातून पडलेले मुंगळे, उधईचे पंखवाले किडे, टोळाची पिल्लं, कोळी, माश्या, आणि पाण्यात वाढणाऱ्या डासांच्या अळ्या. अन्न कुठे पडलं हे तो फक्त डोळ्यांनी शोधत नाही, ही यातली सगळ्यात नवलाची गोष्ट. त्याच्या डोक्याच्या वरच्या भागावर, दोन्ही बाजूंना प्रत्येकी तीन गटांत, मिळून अठरा सूक्ष्म संवेदनकेंद्रं आहेत. पाण्यावर किडा फडफडला की उठणारे तरंग तो त्यांनी ओळखतो. किडा कुठल्या दिशेला आहे आणि किती लांब आहे, दोन्ही त्याला त्या तरंगांवरूनच कळतं, मिट्ट काळोखातसुद्धा. जर्मनीतल्या प्रयोगशाळांत यावर वर्षानुवर्षं काम झालं, आणि त्या कामाचा मुख्य मासा हाच, मुंबईच्या नमुन्यांवरून वर्णन झालेला पिकू.

हे तुम्ही स्वतः बघू शकता. तिन्हीसांजेला वहाळाच्या काठी उकिडवं बसा, सावली पाण्यावर पडू देऊ नका. एक वाळलेली गवताची काडी घ्या आणि माशापासून हातभर अंतरावर, त्याच्या पाठीमागे, पाण्याला नुसतं टोक लावून थरथरवा. मासा आधी जागच्या जागी वळतो, काडीच्या नेमक्या दिशेने. मग क्षणभर थांबतो आणि एका झेपेत काडीपाशी येतो. मी हे शेकडो वेळा केलंय, अजून कंटाळा आला नाही. वहाळात जोराची धार असेल तर मात्र जमत नाही, कारण धारेच्या खळखळाटात त्यालाही तरंग ओळखू येत नाहीत. संथ काठ त्याला का लागतो, याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

उरलेलं अर्धं उत्तर अंड्यांत आहे. पिकू गप्पीसारखा जिवंत पिल्लं देत नाही, अंडी घालतो. तीही एकदम ढीगभर नाहीत. मादी रोज थोडी थोडी, दिवसेंदिवस घालत राहते. नर तिच्या अंगाला अंग लावून तिला मुळांच्या झुबक्याकडे किंवा पाण्यात लोंबणाऱ्या गवताकडे रेटतो. दोघं तिथे क्षणभर थरथरतात आणि एक अंडं तिथे चिकटून राहतं. अंडं साधारण दोन मिलिमीटरचं, काचेसारखं पारदर्शक, बाहेरून बारीक धाग्यांचं, त्या धाग्यांनीच ते मुळाला धरून राहतं. एवढ्या लहान माशाच्या मानाने हे अंडं मोठं आहे. म्हणून आतलं पिल्लूही पूर्ण तयार होऊनच बाहेर पडतं, आणि त्याला वेळही लागतो. पंचवीस अंशांच्या आसपास पाणी असेल तर बारा ते चौदा दिवस.

याच्या नात्यातल्या आफ्रिकेच्या काही माशांची अंडी वाळलेल्या चिखलात महिनोन्महिने तग धरतात. त्यामुळे आपल्या माशांबद्दलही तोच समज असतो. पिकूला ते जमत नाही. ओलसर शेवाळात त्याचं अंडं काही दिवस राहील, पण वहाळ कोरडा पडला तर अंडी मेली. एप्रिल-मेमध्ये जिथे पाणी उरतं, ते कोंड आणि डोह म्हणजे त्या वहाळातल्या पिकूचं बियाणं. पाऊस लागला की तिथूनच ते वर-खाली पसरतात, पाटातून भाताच्या खाचरात जातात. तिथे उथळ, कोमट, किड्यांनी भरलेलं पाणी असतं, आणि पिल्लं झपाट्याने वाढतात. वलगणीच्या दिवसांत, म्हणजे पहिल्या पावसात मासे धारेविरुद्ध वर चढतात तेव्हा, लोक मोठ्या माशांच्या मागे असतात, आणि पायाखालच्या बांधाशी पिकूची पिल्लं तरंगत असतात.

आता विहिरीकडे वळू. चिऱ्याची विहीर असेल तर पाण्याच्या रेषेला जांभ्याच्या खबदाडीत नेचे, शेवाळ, उंबर-पिंपळाची मुळं हमखास असतात. पिकूला एवढं पुरतं. तिथे अंडी चिकटतात, पिल्लं त्या जाळीत लपतात. सिमेंटच्या गोल कड्या टाकलेल्या गुळगुळीत विहिरीत मोठे मासे दोन-तीन वर्षं जगतील, अळ्याही खातील, पण पुढची पिढी होणार नाही. कारण अंड्याला जागा नाही आणि पिल्लाला आडोसा नाही. मोठा पिकू स्वतःची पिल्लंही गिळतो. तशी विहीर असेल तर काथ्याच्या तीन-चार जुड्या किंवा बरेच दिवस पाण्यात भिजवून तांबडं पाणी काढून टाकलेली नारळाची सोडणं सुंभाने बांधून पाण्यावर तरंगती सोडा. पाण्याची पातळी उतरेल तशी तीही उतरली पाहिजेत, नाहीतर मेमध्ये ती वर लटकत राहतील आणि मासे खाली.

विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकत असाल तर मासे सोडण्याचा विचार करू नका, किंवा पावडर टाकायचं पाणी उपसून वेगळ्या टाकीत घ्या. क्लोरिनने कल्ले जळतात आणि पिकू तासाभरात उलटतो. पंचायत विहिरीत पावडर टाकत असेल तर आधी त्यांच्याशी बोलून घ्या.

हौदाची गोष्ट वेगळी. पिकू उडी मारणारा मासा आहे. वहाळात एका डबक्यातून दुसऱ्यात जायला ती उडी कामाची, पण हौदात ती जिवावर बेतते. माझ्या सुरुवातीच्या काळात पहिल्या टाकीवर झाकण नव्हतं. सकाळी उठलो तर सगळ्यात देखणा नर टाकीपासून चार फुटांवर फरशीवर सुकून पडला होता आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या. तेव्हापासून पाणी काठापासून वीतभर खाली ठेवतो आणि वर मच्छरदाणीचं कापड ताणून बांधतो. कापड बांधलं की डास अंडी घालायला आत येतच नाहीत, हे खरं. पण परसातल्या हौदातून दिवसातून दहा वेळा पाणी काढलं जातं, कापड कुठे ना कुठे उघडं राहतंच. तिथे मासा राखण करतो.

डासांच्या बाबतीत पिकू किती उपयोगी? विहिरी आणि टाक्यांत वाढून हिवताप पसरवणारा डास म्हणजे अ‍ॅनोफिलिस स्टिफेन्साय. अ‍ॅनोफिलिसच्या अळ्या पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडव्या पडून राहतात, इतर डासांच्या अळ्यांसारख्या तिरक्या लोंबत नाहीत. म्हणजे त्या नेमक्या पिकूच्या तोंडासमोर असतात. गोव्यात १९९० च्या दशकात याच डासाविरुद्ध पिकूचा धाकटा भाऊ अ‍ॅप्लोकायलस ब्लॉकाय वापरून प्रत्यक्ष चाचण्या झाल्या आहेत. हा साधारण पाच सेंटिमीटरचा मासा. त्यामुळे देशी मासा कामाचा नाही असं कुणी सांगितलं तर मानू नका.

पण डेंगीचा एडिस डास बादली, कुंडीखालची ताटली, टायर, पन्हाळीत साचलेलं पाणी यांत वाढतो. तिथे कुठलाच मासा सोडायचा नसतो. ते पाणी आठवड्यातून एकदा ओतून भांडं आतून घासायचं, कारण अंडी भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात. आणि गटारातल्या काळ्या पाण्यात पिकू जगत नाही. गप्पी जगतो, म्हणूनच तो सगळीकडे वाटला जातो.

गप्पीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: वहाळाशी जोडलेल्या पाण्यात तो सोडू नये. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागातला आणि त्रिनिदादचा. मादी साधारण महिन्याला पिल्लं देते आणि नराचं शुक्र साठवून ठेवते, त्यामुळे एकच मादी वाहून गेली तरी नवीन वस्ती उभी राहते. डासांच्या अळ्या खायला १९२८ मध्ये भारतात आणलेला गॅम्बुसिया हा दुसरा परका मासा तर जगातल्या सर्वांत घातक शंभर परक्या जिवांच्या यादीत आहे. तो दुसऱ्या माशांचे पर कुरतडतो, अंडी-पिल्लं खातो, बेडकांची पिल्लंही सोडत नाही. दवाखान्यातून मासे देतात तेव्हा पिशवीत नक्की काय आहे हे घेणाऱ्याला बहुतेक वेळा ठाऊक नसतं.

तुम्ही म्हणाल, विहिरीतला मासा वहाळात जाईल कसा? कोकणातली विहीर आहे, म्हणूनच विचारतो: जुलैत तुमची विहीर काठोकाठ भरते का? बऱ्याच विहिरी भरतात आणि पाणी कठड्याच्या मोरीतून परसात, परसातून पाटात, पाटातून वहाळात जातं. मासा याच वाटेने जातो. गप्पी सोडलेल्या विहिरीखालच्या एका वहाळात दुसऱ्याच वर्षी काठाकाठाने गप्पी झालेले मी पाहिलेत, आणि जिथे पूर्वी दर दोन पावलांवर चांदणी दिसायची तिथे शोधून एक-दोन पिकू मिळाले. तुमच्याच वहाळातला पिकू विहिरीतून वाहून गेला तर तो स्वतःच्या घरी जाईल. माझं सगळं म्हणणं या एका वाक्यावर उभं आहे, म्हणून मासे तुमच्याच वहाळातले घ्या. घाटावरून, दुसऱ्या नदीच्या खोऱ्यातून किंवा मत्स्यालयाच्या दुकानातून आणू नका. दुकानात ‘गोल्डन वंडर’ नावाने मिळणारा पिवळाधमक मासाही याच जातीचा, माणसाने निवड करून घडवलेला वाण आहे. तो घरच्या काचटाकीत सुखाने ठेवा, पण ज्या पाण्याची वाट वहाळाकडे जाते तिथे नको.

पकडताना एक काळजी. तुमच्या भागात पिकूसारखेच पण वेगळे मासे मिळतील. ब्लॉकाय लहान असतो. गोव्यातून १९८६ मध्ये वर्णन झालेला अ‍ॅप्लोकायलस किर्चमायरी तर सिंधुदुर्गाला लागूनच आहे, आणि तोही छोटाच. मोठ्या पिकूबरोबर यांना एका हौदात ठेवलं तर ते त्याच्या पोटात जातील. खाडीजवळच्या पाण्यात झोळी घातली तर कधी काचेसारखे आरपार दिसणारे, जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचे मासे येतात. तो होराइक्थिस सेटनाय असेल तर हळूच परत सोडा. मुंबई इलाख्यातल्या या माशाचं वर्णन डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९४० मध्ये केलं, सुंदरलाल होरा आणि सेटना या दोन मत्स्यशास्त्रज्ञांची नावं त्याला दिली, आणि तो इतका वेगळा वाटला की त्यासाठी अख्खं नवं कुळ मांडलं. आता त्याला ओरायझियास वंशात धरतात. त्याच्या मादीला उजव्या बाजूचा पोटाखालचा पर नसतो, आणि नर आपल्या पराच्या बदललेल्या किरणांनी शुक्राची काटेरी पुडी तिच्या अंगाला चिकटवतो. पंचवीस वर्षांत मी तो हातात फार थोड्या वेळा घेतलाय. तो विहिरीसाठी नाही.

पिकू पकडायला रात्र बरी. बॅटरीचा झोत काठाला तिरका मारला की चांदण्या चमकतात आणि मासा जागचा हलत नाही. तारेच्या कड्याला मच्छरदाणीचं कापड शिवून झोळी करा, ती माशाच्या खालून वर आणा. वरून मारली तर तो सटकतो. आठ-दहा मासे पुरे, त्यांत दोन-तीनच नर घ्या. नर जास्त झाले तर एकमेकांचे पर फाडतात. दिवाळीनंतर, पाणी स्वच्छ झालं की घ्यावेत. मेमध्ये कोंडात अडकलेले उरले-सुरले मासे उचलू नका, पुढच्या पावसाची पिढी त्यांच्यातूनच यायची असते. बाटली अर्धीच भरा, वरची अर्धी हवा राहू द्या, झाकणाला भोकं पाडा. घरी आल्यावर बाटली विहिरीच्या पाण्यात तासभर तरंगत ठेवा, मध्ये दोन-तीन वेळा विहिरीचं थोडं पाणी आत घाला आणि मग सोडा.

वहाळाच्या काठाबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. पिकूला मारायला विष लागत नाही. काठ साफ केला की पुरे. आमच्याकडच्या एका वहाळाचं काही वर्षांपूर्वी ‘सुशोभीकरण’ झालं. जेसीबीने गाळ काढला, दोन्ही काठांना सिमेंटच्या भिंती आल्या, करंजाची आणि केवड्याची मुळं उपटली गेली. पाणी अजूनही वाहतं, पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसतं. पण पाण्यावर काही पडत नाही, धारेला अडवणारं काही नाही, अंडं चिकटायला मूळ नाही. पुढच्या पावसाळ्यात मी पूर्ण पट्टा दोनदा चाललो. एकही चांदणी दिसली नाही. वरच्या बाजूला जिथे भिंत संपते तिथे, केवड्याच्या पहिल्या बेटाखाली, अकरा मोजले. त्यामुळे तुमच्या परसाला लागून वहाळ असेल तर काठावरचा झाडोरा तोडताना निदान पाण्यावर झुकलेल्या फांद्या आणि पाण्यात लोंबणारी मुळं ठेवा. डासांच्या भीतीने लोक तेच आधी तोडतात, आणि डास खाणारा मासा नेमका तिथेच राहत असतो.

वीण होतेय की नाही हे विहिरीत कळणं अवघड असतं, म्हणून घरी एक प्रयोग करून बघा. गडद हिरव्या लोकरीचे वीतभर धागे एकत्र बांधून बुचाला लटकवा आणि हौदात सोडा. चार दिवसांनी जुडी वर काढून उजेडात धरा, धागे बोटांनी अलगद बाजूला करा. पारदर्शक, टणक मणी हाताला लागतील. ते बोटात धरले तरी फुटत नाहीत. पांढरे पडलेले असतील ते काढून टाका, त्यांना बुरशी लागते आणि ती शेजारच्यांना धरते. बाकीचे एका पसरट भांड्यात त्याच पाण्यात ठेवा, सावलीत. रोज भिंगातून बघा. आठवड्याभरात अंड्याच्या आत दोन काळे ठिपके दिसू लागतील. ते पिल्लाचे डोळे. पुढे पुढे पिल्लू आतल्या आत गिरकी घेताना दिसेल. बाहेर पडल्यावर ते थेट पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन थांबेल, आईबापांसारखंच. पहिले काही दिवस त्याला हौदातलं हिरवं पाणी चमच्याने घाला, त्यातले सूक्ष्म जीव त्याला पुरतात. बोटाच्या पेराएवढं झालं की विहिरीत सोडायला हरकत नाही.